साधी राहणी नवतप्यात तपासावी

पर्यावरणावर कमीत कमी भार टाकून साधेपणाने जगावे, या विचाराला आज उघड विरोध करणारा माणूस सापडणे कठीण आहे. कापडी पिशवी, स्टीलची बाटली, कार्यप्रसंगी प्लास्टिकच्या ताटांऐवजी पळसाच्या पानांच्या पत्रावळी, घरच्या ओल्या कचऱ्याचे खत या गोष्टी नागपुरातल्या अनेक घरांत रुजल्या आहेत, आणि त्या चांगल्याच आहेत. परंतु ज्या विचाराला कोणाचाच विरोध नाही, तो अजून कोणाच्या खऱ्या सोयीला हात घालत नसावा, अशी शंका घ्यायला हवी. माझे म्हणणे असे आहे की नागपुरात साध्या राहणीची परीक्षा मे महिन्यात होते, आणि ती आपण स्वतःला थंड कसे ठेवतो यावर होते. ही परीक्षा एकेका कुटुंबाने आपापल्या घरात द्यावी, असेही मला वाटत नाही. सावली, वारा आणि थंड रात्र या गोष्टी शहराने मिळून सांभाळल्या तर सर्वांना पुरतात. ज्याने त्याने स्वतःपुरत्या विकत घ्यायच्या ठरवल्या, तर त्या शेजाऱ्याच्या वाट्याच्या कमी होतात.

सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे साधारण २५ मे पासून २ जूनपर्यंत, नवतपा असतो. विदर्भाबाहेरच्या वाचकाला हा शब्द कदाचित पंचांगातला वाटेल, पण नागपुरात त्याचा दैनंदिन व्यवहाराशी संबंध आहे. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिले. ४४-४५ अंश तर दर उन्हाळ्यात ठरलेले. दुपारी बारा ते चार या वेळेत रस्ते ओस पडतात, बाहेर पडावेच लागले तर डोके-तोंड दुपट्ट्याने बांधून लोक निघतात, आणि गेल्या काही उन्हाळ्यांत तर चौकांतल्या सिग्नलवर हिरव्या जाळ्या टाकाव्या लागल्या, काही सिग्नल भर दुपारी बंद ठेवावे लागले. अशा हवामानात ‘गरजा कमी करा’ एवढाच उपदेश करणे बेजबाबदारपणाचे आहे. उष्माघाताने माणसे मरतात. म्हणून साधेपणाचा विचार या उन्हाला वगळून करता येत नाही, आणि उन्हाचा विचार करायचा तर हिशेबापासून सुरुवात करावी लागते.

दीड टनाचा एसी मे महिन्याच्या रात्री आठ तास चालवला, तर साधारण आठ ते बारा युनिट वीज लागते. आपण दहा धरू. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करण्यासाठी सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे एका खोलीच्या एका थंड रात्रीमागे सहा ते सात किलो कोळसा जळतो, दोन किलोंहून अधिक राख मागे राहते आणि नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एप्रिल आणि मे मिळून साठ रात्री धरल्या, तर चार क्विंटल कोळसा होतो. याच आठ तासांत घरगुती कूलर सुमारे दीड युनिट वीज घेतो. वर्षभर निष्ठेने कापडी पिशवी वापरून आपण जे वाचवतो, त्याच्याशी या आकड्यांची तुलना करून पाहावी. पिशवी सोडून द्या, असे मी म्हणत नाही; पण पिशवीने मनाला जे समाधान मिळते ते तिच्या वजनाच्या मानाने फार मोठे आहे, आणि त्या समाधानामुळे मोठा खर्च नजरेआड राहतो.

तो खर्च नागपूरकरांपासून फार दूरही नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक केंद्रे आहेत. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या तीन संचांची मिळून क्षमता १,९८० मेगावॅट आहे. आपल्या खोलीतली वीज नेमक्या कोणत्या केंद्रातून आली हे ग्रिडमध्ये सांगता येत नाही, हे मान्य. पण कोळशाच्या विजेचे मोल कोण देतो, हे पाहायला नागपूरकराला लांब जावे लागत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या, खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत आणि पुढे कोलार नदीत गेले. कोलार नदी कन्हानला मिळते आणि कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक स्रोत आहे. त्यानंतर वर्षभराच्या आतच, मे २०२३ मध्ये, कोराडीलाच ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. तिला नागपुरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या अनेकांनी विरोध केला, आणि तो योग्यच होता असे माझे मत आहे. पण त्या विरोधाबरोबर आणखी एक प्रश्न शहराने स्वतःला विचारायला हवा होता: उन्हाळ्यात संध्याकाळनंतर विजेची मागणी चढत जाते, त्या मागणीत आपला वाटा किती आणि त्यातला टाळता येण्याजोगा किती? राखेचा बांध खसाळ्याच्या शेतकऱ्याच्या शेतात फुटतो. गारवा मिळतो तो दुसऱ्याच कोणाला तरी.

या प्रश्नाचा विचार आपल्याच भागात फार पूर्वी झालेला आहे. वर्धा नागपूरपासून सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले; अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे प्रमुख सूत्रधार होते. निसर्गातल्या संपत्तीत त्यांनी एक भेद सांगितला होता, तो मला आजही उपयोगी वाटतो. कोळसा, खनिज तेल, धातू यांचा साठा आहे. वापरला की तो तेवढा कमी होतो, आणि ज्याच्या हाती साठा त्याच्या हाती सत्ता, म्हणून त्यावरून भांडणे होतात. याउलट ऊन, वारा, पाऊस, झाडाची वाढ, बैलाचे आणि माणसाचे श्रम यांचा प्रवाह आहे. तो नीट वापरला तर आटत नाही. साठ्यावर उभी असलेली व्यवस्था आणि प्रवाहावर उभी असलेली व्यवस्था यांतला हा फरक एकदा ध्यानात घेतला, की साधेपणाचा वस्तूंच्या संख्येशी असलेला संबंध गौण ठरतो. एखाद्या घरात मोजकीच भांडी असतील, एकही अनावश्यक कपडा नसेल, आणि तरीही त्या घराचे जगणे सर्वस्वी साठ्यावर चालत असेल. दुसऱ्या घरात पसारा असेल, पण त्याच्या अंगणातला कडुलिंब तीन घरांना सावली देत असेल. पर्यावरणाच्या दृष्टीने दुसरे घर अधिक साधे आहे.

गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले ते ऐन उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटी. तिथल्या बापूकुटीकडे आपण श्रद्धेने पाहतो, क्वचित इमारत म्हणून पाहतो. मातीच्या जाड भिंती, बांबू, उतरते कवेलूचे छप्पर, भिंतीवर ऊन पडू न देणारी खाली आलेली पडवी, आरपार वारा जाईल अशा खिडक्या. यांतली एकही गोष्ट आश्रमाने शोधून काढलेली नव्हती. आसपासच्या गावांतले सुतार आणि मातीकाम करणारे लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणत होते. गांधीजींनी तेच निवडले. सेवाग्रामच्या साधेपणाला आपण त्यागाच्या खात्यात टाकले आणि त्यामुळे तो संतांपुरता ठेवून देण्याची सोय झाली, ही मला मोठी हानी वाटते. विदर्भाच्या उन्हात कसे राहावे याचे ते अतिशय विचारपूर्वक दिलेले उत्तर होते.

आज नागपुरात त्या परंपरेच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू कूलर आहे. आपल्याकडे त्याचे कोणाला कौतुक नाही. एसी घेणे परवडत नाही तोवर करायची तडजोड, अशी त्याची प्रतिष्ठा आहे. पण यंत्र म्हणून तो या हवामानाला नेमका जुळलेला आहे. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो. मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरते. अशी तहानलेली हवा ओल्या ताटीतून ओढली की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, आणि बाहेर ४४ अंश असताना कूलरमधून येणारी हवा तीस अंशांच्या आसपास असू शकते. त्यासाठी एक पंखा आणि एक छोटा पंप एवढे पुरते. खसच्या ताटीवर पाणी मारण्याची जुनी रीत हेच करत होती. कूलरला खिडकी उघडी ठेवावी लागते, बाहेरची हवा आत येते आणि आतली बाहेर जाते. खोली बंद डबा होत नाही. मुंबईच्या दमट हवेत हे यंत्र निरुपयोगी आहे. जाहिरातींतून ठरणाऱ्या सुखसोयींच्या कल्पना सगळ्या देशासाठी एकच असतात, हवामान मात्र एक नसते.

तरी कूलरची बाजू मांडताना त्याचा दोषही सांगितला पाहिजे. तो पाणी पितो. कडक उन्हाळ्यात तासाला दहा-बारा लिटर पाणी सहज उडते, म्हणजे रात्रभरात शंभर लिटरच्या आसपास. औष्णिक विजेलाही पाणी लागते. जुन्या केंद्रांना २०१५ च्या नियमाने एका युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली गेली, म्हणजे एसीच्या दहा युनिटांमागे फार तर पस्तीस लिटर. पाण्याच्या हिशेबात कूलर हरतो. शिवाय कोराडीचे केंद्र भांडेवाडीत शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी वापरते, कूलरमध्ये मात्र आपण पेंच नदीवरच्या धरणातले पिण्याचे पाणी ओततो. जुलै २०१९ मध्ये पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला आणि नागपूरला एक दिवसाआड पाण्याची वेळ आली, हे विसरण्याइतके जुने नाही. नळाला टिल्लू पंप लावून शेजाऱ्याचे पाणी ओढून कूलर भरणारा माणूस साधेपणाने जगतो आहे, असे कोणी म्हणू नये. कूलरचे पाणी आठवड्याला पूर्ण उपसून टाकी कोरडी केली नाही, तर त्यात डेंग्यूचे डास वाढतात, तो त्रासही गल्लीलाच. आणि पहिल्या मृगाच्या सरीनंतर हवा दमट झाली की कूलर कामाचा राहत नाही.

पण या दोषांवर उपाय आहेत आणि ते आपल्या हातातले आहेत. महाल, इतवारी, सीताबर्डी, सक्करदरा अशा जुन्या वस्त्यांत अजून विहिरी आहेत. त्यांतल्या अनेकांचे पाणी पिण्याजोगे नसले तरी कूलरला चालते. त्या उपसून, जाळ्या लावून, मोहल्ल्याच्या वापरासाठी खुल्या ठेवल्या तर पिण्याच्या पाण्यावरचा मोठा भार उतरेल. दमट दिवसांत आणि आजारी, वृद्ध, तान्ह्या मुलांच्या खोलीत एसी लागला तर त्यात अपराध नाही. तो २६-२७ अंशांवर ठेवून वर पंखा फिरवला तरी काम भागते. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर लावून देणे त्यामुळेच बंधनकारक झाले. माझा आक्षेप एसीच्या अस्तित्वाला नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून, कोरड्या हवेत, अठरा अंशांवर तो लावून पांघरूण घेऊन झोपण्याची जी सवय सुस्थितीतल्या घरांत आली आहे, तिला आहे.

कारण त्या खोलीतून निघालेली उष्णता नाहीशी होत नाही. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि स्वतः वापरलेली वीजही उष्णतेच्या रूपाने बाहेरच सोडतो. अरुंद गल्लीत समोरासमोरच्या भिंतींवर असे खोके लागले, की रात्री त्या गल्लीतली हवा अधिक गरम राहते, आणि ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीतून तीच हवा आत येते. मग त्यालाही कूलर पुरेनासा होतो आणि तोही कर्ज काढून एसी घेतो. नागपूरच्या लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा झोपडपट्ट्यांत राहतो. तिथल्या पत्र्याच्या घरात मेच्या दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षा अधिक तापमान असते. त्या घरातली बाई पाणी जपून वापरते, वस्तू दुरुस्त करून वापरते, पायी किंवा शेअर ऑटोने जाते. पृथ्वीवरचा तिचा भार आपल्या कोणाहीपेक्षा हलका आहे. तिला साधेपणाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. साधेपणा हा शब्द ज्याला पर्याय आहे त्याच्यासाठी आहे, आणि पर्याय असणाऱ्याने आपला भार कमी करावा याचे पहिले कारण हेच की तो भार शेवटी या पत्र्याखालच्या घरावर येऊन पडतो.

त्या घरासाठी काय करता येते, हेही आता माहीत आहे. २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांत छपरांना चुन्याचा पांढरा थर देण्याचे काम झाले. तेलंगणने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पांढरे छप्पर ऊन परत फेकते आणि आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. चुना ही काही दुर्मीळ वस्तू नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्याने प्रत्येकाला उष्णतेपासून सुसह्यता मिळावी हे उद्दिष्ट मानले. ते पाळायचे तर सर्वांत आधी नागपूरच्या पत्र्याच्या छपरांकडे पाहावे लागेल. बेसा, मनीष नगर, दिघोरी या बाजूंना जे नवे फ्लॅट उभे राहत आहेत त्यांची स्थिती वेगळी, पण मूळ चूक तीच. पश्चिमेच्या भिंतीवर उघडी काच, वर छज्जा नाही, बाल्कनी बंद करून खोलीत घेतलेली, आरपार वाऱ्याला वाट नाही. असे घर एसीशिवाय राहण्याजोगे नसते. तिथे राहणाऱ्याला एसी कमी वापरा म्हणणे व्यर्थ आहे. त्याचा निर्णय नकाशा मंजूर झाला त्या दिवशीच होऊन गेला होता. जुन्या वाड्यांतल्या पडव्या, सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांचे रुंद व्हरांडे यांनी जे काम विजेशिवाय केले, ते काम नव्या इमारतीने किमान पश्चिमेच्या बाजूने तरी केले पाहिजे, अशी अट बांधकाम परवानगीत असायला हरकत नाही.

आता घराबाहेरच्या गोष्टीकडे येतो, कारण माझ्या मते नागपूरचा प्रश्न तिथेच खरा अडलेला आहे. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा, सुमारे चाळीस किलोमीटरचा, डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. गाडी स्वच्छ, थंड आणि वेळेवर आहे. तरीही स्थानकापासून घरापर्यंतचे सात-आठशे मीटर एप्रिलच्या दुपारी चालून जाणे कोणालाही नको वाटते, म्हणून लोक दुचाकी काढतात, आणि ऐपत आली की थंड कार. ‘आपली बस’ या शहर बससेवेच्या अनेक थांब्यांची तीच कथा. ऊन थेट अंगावर घेत बसची वाट पाहायची असेल तर बस स्वस्त असून उपयोग नाही. म्हणजे सावली ही इथे वाहतुकीची सोय आहे. रस्त्याच्या कडेला वडा-पिंपळाची, कडुलिंबाची, चिंचेची, करंजाची सलग ओळ असेल तर माणूस चालतो, सायकल चालवतो, मेट्रोला जातो. ती तुटली की तो पेट्रोलकडे वळतो. चालणाऱ्याच्या सद्गुणावर भिस्त ठेवण्यापेक्षा त्याच्या डोक्यावर झाड असणे अधिक भरवशाचे आहे.

आणि याच झाडांशी आपण काय केले ते कोणत्याही सिमेंट रस्त्यावर दिसते. डांबरापेक्षा सिमेंट फिकट असल्याने दिवसा थोडे कमी तापते आणि टिकतेही अधिक, हे खरे आहे. पण नागपुरात सिमेंट काठापासून काठापर्यंत, झाडाच्या बुंध्यापर्यंत ओतले गेले आहे. वर पदपथाचे गट्टू तेही बुंध्याला चिकटून. मुळांना ना पाणी पोहोचते ना हवा. झाड पाच-सहा वर्षांत वाळते, आणि एका वादळात कोसळले की झाडच धोकादायक होते असा निष्कर्ष काढला जातो. जमिनीत मुरायला जागा न उरल्याने पावसाचे पाणी उंच झालेल्या रस्त्यांवरून घरांत शिरते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, त्यामागे कारणे अनेक होती. पण पाणी मुरण्याची जागा आपण स्वतःच बुजवत गेलो, हे त्यांतले एक होते असे मला वाटते. मेमधली तापलेली रात्र आणि पावसाळ्यातले घरात शिरलेले पाणी यांचे मूळ बऱ्याच अंशी त्याच सिमेंटमध्ये आहे.

साध्या राहणीच्या या आग्रहावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, तेव्हा संयम श्रीमंत देशांनी करावा. राष्ट्रांमधल्या वाटाघाटीत हा मुद्दा न्याय्य आहे आणि तो ठामपणे मांडलाच पाहिजे. पण दोन एसी आणि दोन कार असलेल्या नागपूरच्या कुटुंबाला पत्र्याखालच्या घराची सरासरी उसनी घेऊन त्यामागे लपता येणार नाही. दुसरा आक्षेप नवा आहे आणि अधिक विचार करण्याजोगा आहे: छपरावर सौर पॅनेल बसवले, आता वीज आमचीच, मग कितीही वापरू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची घरगुती सौर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि नागपूरकरांनी तिला मोठा प्रतिसाद दिला. हे मनापासून स्वागतार्ह आहे. कुमारप्पांच्या भाषेत हे साठ्याकडून प्रवाहाकडे वळणे आहे. मात्र एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सुमारे चार युनिट देते आणि तेही सूर्य असेपर्यंत. आपला एसी चालतो रात्री. दिवसाची वीज ग्रिडला देऊन रात्री परत घेतली की बिल शून्य होते, कोराडीची रात्रपाळी शून्य होत नाही. पॅनेल बसल्यावर दुसऱ्या खोलीत नवा एसी लावणारे घर बिलापुरते हलके झाले, भारापुरते नाही. तेच कुटुंब दुपारी पंप, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र चालवेल आणि रात्री कूलरवर राहील, तर त्या पॅनेलचे खरे सार्थक होईल.

एका माणसाने केल्याने काय होणार, हा तिसरा प्रश्न मी आक्षेप मानत नाही, कारण त्यात तथ्य आहे. एकट्याने केल्याने थोडेच होते. म्हणूनच साध्या राहणीची मागणी सोसायटीच्या बैठकीत, प्रभागात आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकावरच्या चर्चेत झाली पाहिजे. २०२१ च्या सुमारास शहरातल्या अजनी भागातली झाडे वाचवण्यासाठी विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी आणि सकाळी फिरायला येणारे लोक एकत्र आले होते. त्या लोकांनी स्वतःच्या घरात काय कमी केले यापेक्षा त्यांनी शहराला काय गमावू दिले नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, नीरी, १९५८ पासून आहे. शहरात जाणकारांची वाण नाही.

राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण मिळाले. तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावीत, असेही त्यात आले. वयाइतकी रोपे ही तरतूद कागदावर उदार दिसते, पण साठ वर्षांच्या कडुलिंबाखाली जो बसथांबा होता त्याला शहराबाहेर लावलेल्या साठ रोपांची सावली पुढची वीस वर्षे मिळत नाही. उभे झाड टिकवणे हाच स्वस्त उपाय आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आत सिमेंट नसावे आणि असेल ते काढावे. नागपूर महापालिकेने आपल्या प्रत्येक रस्त्याच्या निविदेत एवढीच अट घालावी: बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी, आणि ती मोकळी असल्याचे प्रभागातल्या दोन रहिवाशांनी पाहिल्याखेरीज कंत्राटदाराचे शेवटचे देयक नाही. जुन्या रस्त्यांवर आवळलेले बुंधे छिन्नी-हातोड्याने मोकळे करण्याचे काम उन्हाळा संपण्याआधी, सकाळच्या वेळेत, करता येते. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही, आणि मृगाचा पहिला पाऊस त्या मातीत मुरला तर त्याच वर्षी त्या झाडांना नवी पालवी धरण्याची संधी मिळते.